कायद्याच्या पोथीत सशांचा सूड: मध्ययुगीन चर्च-कायद्याच्या हस्तलिखितांतली चक्रम चित्रं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

माणसाची मान उडवणारा ससा, बिशपच्या वेषातला कोल्हा, गोगलगायीसमोर गुडघे टेकणारा चिलखती सरदार ही चित्रं फोनवर फिरत आली की लोक दोन दिवस हसतात आणि मग विचारतात, हे खरं आहे का? यातली बरीच चित्रं खरी आहेत. त्यातली काही गाजलेली तर चर्चच्या कायद्याच्या जाडजूड ग्रंथांच्या पानांवर काढलेली आहेत. त्याबद्दल नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

चर्चचा कायदा म्हणजे नेमकी कोणती पुस्तकं?

मुख्यतः दोन. पहिलं ग्रात्सियान या इटालियन पंडिताने ११४०च्या सुमारास बोलोन्यात जुळवलेलं. जुन्या धर्मसभांचे ठराव, पोपची पत्रं, धर्मगुरूंची वचनं असं हजार वर्षांचं साहित्य त्याने एकत्र केलं आणि त्यातल्या परस्परविरोधी वचनांची तोंडमिळवणी करायचा प्रयत्न केला. याला डेक्रेतुम म्हणतात. दुसरं पोप नववा ग्रेगरी याने १२३४ साली जाहीर केलेलं, पोपच्या निर्णयपत्रांचं संकलन. ते डेक्रेटल्स या नावाने ओळखलं जातं. कातालोनियातल्या पेन्याफोर्तच्या रेमंड या डोमिनिकन साधूने चार वर्षांत ते संपादित केलं. त्यात सुमारे दोन हजार कलमं आहेत, आणि ती पाच भागांत विभागली आहेत: न्यायाधीश, खटला, पाद्री, लग्न, गुन्हा. विद्यार्थ्यांना हा क्रम पाठ असायचा.

१२९८ साली आठव्या बोनिफेसने यात ‘सहावं पुस्तक’ घातलं, १३१७ मध्ये आणखी एक भर पडली. पण चित्रांच्या दृष्टीने माल आहे तो पहिल्या दोघांत.

हा कायदा फक्त पाद्र्यांपुरता होता का?

छे. लग्न वैध की अवैध, मूल औरस की अनौरस, मृत्युपत्र, शपथ, व्याजाने पैसे देणं, हे सगळं चर्चच्या कोर्टात जायचं. शेतकऱ्यापासून राजापर्यंत कोणीही त्यात अडकू शकत होतं. म्हणून ही पुस्तकं विद्यापीठांत धडाधड नकलली जात होती आणि आजही त्यांच्या शेकडो प्रती शिल्लक आहेत.

पान दिसतं कसं? चित्रं नेमकी कुठे असतात?

आपल्याकडच्या पंचपाठी पोथ्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना लगेच कळेल. मधोमध मूळ मजकूर, चारी बाजूंनी बारीक अक्षरातली टीका. बोलोन्यातही तसंच. मध्ये दोन रकान्यांत कायदा आणि त्याला वेढून घेणारं भाष्य. डेक्रेटल्सवरचं सर्वमान्य भाष्य पार्माच्या बर्नार्डचं. मूळ मजकुराच्या दोन ओळींवर भाष्याच्या वीस ओळी असाही प्रकार दिसतो.

चित्रांच्या जागा तीन. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला एक चौकटीतलं, बऱ्यापैकी गंभीर चित्र: सिंहासनावर पोप, खाली वकील हातवारे करतायत, किंवा नवरा-नवरीचे हात जुळवणारा पाद्री. मग मोठ्या आद्याक्षरांच्या पोटात कोंबलेली छोटी चित्रं. आणि तिसरी जागा म्हणजे समास, त्यातही पानाच्या तळाचा रुंद समास. सगळा दंगा चालतो तो तिथे.

सगळ्यात प्रसिद्ध हस्तलिखित कोणतं?

‘स्मिथफील्ड डेक्रेटल्स’. सध्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि तिथला त्याचा क्रमांक ‘रॉयल १० ई ४’. उंची सुमारे ४५ सेंटिमीटर, पानं तीनशेच्या वर. मांडीवर घेऊन वाचायचं हे पुस्तक नव्हे, त्याला मेज लागतं.

याचा जन्म दोन ठिकाणी झाला. मजकूर लिहिला गेला १३००च्या आसपास दक्षिण फ्रान्समध्ये, बहुधा तुलूजला. तळाचे समास तेव्हा कोरे ठेवले गेले. पुस्तक इंग्लंडला आलं आणि १३४०च्या आगेमागे लंडनमधल्या चित्रकारांनी त्या कोऱ्या जागा भरून काढल्या. सहाशेच्या वर चित्रं! एखाददुसरं चित्र कोपऱ्यात डकवलं असं नाही, जवळजवळ प्रत्येक पानाच्या तळाशी काहीतरी चाललेलं आहे आणि कित्येकदा एकच गोष्ट पान उलटत पुढे सरकते. पुढे हे पुस्तक लंडनच्या स्मिथफील्ड भागातल्या सेंट बार्थोलोम्यू मठाच्या मालकीचं झालं, म्हणून हे नाव.

त्या सशांची पूर्ण गोष्ट काय आहे?

साठाव्या पानाच्या आसपास ती सुरू होते. एक ससा मागच्या पायांवर उभा राहून, धनुष्य ताणून, शिकाऱ्यावर पाठीमागून बाण सोडतो. मग ससे त्या माणसाला बांधून न्यायाधीशासमोर उभं करतात. न्यायाधीशही ससाच. निकाल काय लागणार हे सांगायला नको. माणसाला ओढत वधस्थळी नेतात आणि एक ससा दोन्ही हातांनी तलवार उगारून त्याचं डोकं उडवतो.

इथे थांबतील तर ते ससे कसले. आता पाळी शिकारी कुत्र्याची. त्यालाही पकडतात, त्याचाही खटला होतो, मग त्याला बांधून गाडीत घालून फाशीच्या खांबाकडे नेतात आणि लटकवतात.

मला यात सर्वांत मजेची वाटते ती सशांची शिस्त. झुंडीने तुटून पडून ते कोणाला मारत नाहीत. अटक, खटला, निकाल, मिरवणूक, शिक्षा, सगळं रीतसर. शेपूट आखूड, कान ताठ आणि चेहऱ्यावर सरकारी कामाचा गंभीरपणा. वरच्या रकान्यांत लॅटिनमधून न्यायप्रक्रिया सांगितलेली आणि खाली ससे ती पाळतायत!

आणखी एक गोष्ट. स्मिथफील्ड हा लंडनचा गुरांचा बाजार, तसंच जाहीर मृत्युदंडाची जागा. स्कॉटलंडचा विल्यम वॉलेस याला १३०५ साली शहरभर फरफटत आणून इथेच मारलं. वधस्थळी निघालेली मिरवणूक कशी दिसते हे इथल्या लोकांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पण ससेच का?

ससा म्हणजे भित्रा, हे समीकरण युरोपातही तितकंच जुनं. भित्र्याच्या हातात तलवार दिली की जग उलटंपालटं झालं हे एका नजरेत कळतं. त्या काळच्या चित्रकारांना हा उलटा प्रकार भयंकर आवडायचा: बैल नांगर धरतोय, माकड वैद्य होऊन लघवीची बाटली उजेडात धरून बघतंय, उंदीर मांजराला फासावर देतायत.

त्यामागे एक व्यावहारिक बाजूही आहे. इंग्लंडमध्ये बिळांत राहणारे ससे नॉर्मन लोकांनी आणून वाढवले. मांस आणि कातडी दोन्हींना भाव होता आणि ससे पाळायची राखीव कुरणं जमीनदारांच्या आणि मठांच्या ताब्यात. गरिबाने ससा मारला तर तो चोर. तेव्हा सशाच्या शिकारीवरून माणसाचा खटला होणं ही वाचणाऱ्याला अगदीच परकी कल्पना नव्हती. फक्त न्यायासनावर सहसा ससा नसायचा.

खरोखर प्राण्यांवर खटले चालायचे का?

चालायचे. नॉर्मंडीतल्या फालेझ गावी १३८६ साली एका डुकरिणीला मूल मारल्याबद्दल जाहीर फाशी दिली. बर्गंडीतल्या साव्हिन्यीला १४५७ साली अशाच गुन्ह्यात डुकरीण दोषी ठरली, तिची पिल्लं मात्र सुटली. हे खटले बिगरधार्मिक कोर्टांतले. चर्चच्या कोर्टाकडे यायचे ते उंदीर, टोळ, किडे, म्हणजे ज्यांना पकडून उभं करता येत नाही असे आरोपी. त्यांना शिक्षा म्हणजे शाप.

कोल्हा बिशप का झालाय?

स्मिथफील्डच्या ४९व्या पानाच्या मागच्या बाजूला कोल्हा बिशपची उंच टोपी घालून, हातात धर्मदंड घेऊन उभा आहे आणि समोर बदकं, कोंबड्या भक्तिभावाने प्रवचन ऐकतायत. पुढे काय होतं हे बघणाऱ्याला माहीत होतंच. कुंपणच शेत खातं, त्यातला प्रकार. समासांत हाच कोल्हा कधी बदकाची मान तोंडात धरून पळताना दिसतो आणि मागून एक बाई सूत कातायची काठी उगारून धावत असते. शेवटी बदकं त्याला फाशी देतात.

हे चित्र चर्चविरोधी माणसाने काढलं असेल असं अनेकांना वाटतं. तसं समजायचं कारण नाही. लबाड कोल्ह्याच्या गोष्टी फ्रेंच, डच, जर्मन भाषांत घरोघर माहीत होत्या, पाद्री स्वतः प्रवचनांत त्या सांगत आणि चर्चमधल्या लाकडी आसनांच्या खालीही हा कोल्हा कोरलेला सापडतो. भोंदू पाद्र्यांवर सर्वांत जास्त तोंडसुख घेणारे लोक दुसरे पाद्री होते.

आणि त्या गोगलगायी?

गोगलगाय आणि पोटात पाय, हे आपण म्हणतो ते तिच्या गरीब चेहऱ्यामागच्या भानगडींबद्दल. १३व्या शतकाच्या शेवटापासून पुढची काही दशकं उत्तर फ्रान्स, फ्लँडर्स आणि इंग्लंडच्या चित्रकारांना तिने असं पछाडलं की विचारू नका. प्रार्थनापुस्तकं असोत की कायदा, समासात चिलखती सरदार तलवार उपसून उभा आणि समोर शिंगं रोखलेली गोगलगाय. कधी सरदार शस्त्र टाकून हात जोडतो. एखाद्या चित्रात त्याची बायको त्याला मागे ओढत असते.

अर्थ काय? अमेरिकन अभ्यासक लिलियन रँडॉल यांनी १९६२ साली मांडलं की हा टोमणा लोम्बार्ड लोकांना आहे. उत्तर इटलीतून आलेले हे सावकार, आणि त्यांच्या भित्रेपणाबद्दल गोगलगायीला घाबरल्याची चेष्टा चालायची. सगळ्यांना ते पटलेलं नाही. कोणी तिच्यात शंखात लपून राहणारा सरंजामदार पाहतं, कोणी नुसती बागेतली कीड. माझं मत विचाराल तर सुरुवात लोम्बार्डांपासून झाली असेलही, पण नंतर एका कारागिराचं बघून दुसऱ्याने काढली आणि गोगलगाय फॅशनमध्ये आली. फॅशनला दरवेळी अर्थ लागतोच असं नाही.

चित्रांचा वरच्या मजकुराशी संबंध असतो का?

चौकटीतल्या आणि अक्षरांतल्या चित्रांचा असतो, तळाच्या चित्रांचा बहुतेकदा थेट नसतो. स्मिथफील्डमध्ये तर लिहिणारा आणि रंगवणारा यांच्यात एक समुद्र आणि काही दशकं होती. तरी विषयांचं नातं नजरेत भरतं. पाप, कबुली, खटला, शिक्षा, क्षमा, हेच खाली गोष्टीरूपात येतं.

एक नमुना बघा. सैतान एका संन्याशाला म्हणतो, दारू, व्यभिचार, खून यातलं एक पाप निवड. संन्यासी हुशारी करून सगळ्यात हलकं म्हणून दारू निवडतो. पुढच्या पानांवर तो गुत्त्यात बसून मडकी रिकामी करतो, झिंगून गिरणीवाल्याच्या बायकोपाशी जातो आणि गिरणीवाला मध्ये आला तर त्याचा जीव घेतो. एका पापाच्या भावात तिन्ही. मग पश्चात्ताप आणि खडतर तप. कायद्याच्या प्राध्यापकाला गुन्ह्याचा हेतू आणि नशेतली जबाबदारी शिकवायची असेल तर याहून चांगलं उदाहरण कुठून आणणार?

दुसरी गोष्ट एका मठवासी साधूची आणि एका सरदाराच्या बायकोची. दोघं प्रेमात पडून खजिना घेऊन पळतात, पकडले जातात आणि पाय खोड्यात अडकवून बसवले जातात. १८७व्या पानावरचं ते चित्र पुष्कळ फिरतं, पण मथळ्यात बाईला जोगीण ठरवून. ही मूळची मरियामातेच्या चमत्काराची कथा. ती दोघांचा धावा ऐकते, त्यांना सोडवते आणि त्यांच्या जागी खोड्यात सैतान बसतात. कायद्याने धरलेल्यांना दयेने सोडवलं, आणि तेही कायद्याच्याच पुस्तकाच्या पायथ्याशी.

मजकूर मात्र कंटाळवाणाच असणार ना?

इथे माझं सगळ्यांशी भांडण आहे. लोक समासातले ससे बघतात आणि वरचा मजकूर रुक्ष म्हणून सोडून देतात. ग्रात्सियानने पुस्तकाच्या दुसऱ्या भागात ३६ काल्पनिक खटले रचले आहेत आणि ते कोणत्याही गोगलगायीइतकेच भन्नाट आहेत.

पहिला खटला. एक बाप मुलाला श्रीमंत मठात घालतो, मठाधिपती दहा पौंड मागतो, बाप मुलाच्या नकळत ते मोजतो. मुलगा मोठा होतो, सद्गुणी निघतो, आणि बापाच्याच पैशांच्या जोरावर बिशप होतो. आता त्याचं बिशपपद खरं की खोटं? त्याने ज्यांना दीक्षा दिली त्यांचं काय? चित्रकाराला इथे आयतं दृश्य मिळतं. बापाच्या एका हातात पोरगं, दुसऱ्या हातात थैली, आणि मठाधिपतीचे डोळे कशावर आहेत ते चित्रकार ठरवतो.

२९वा खटला फसवणुकीचा. कुलीन मुलीला सांगतात की अमुक उमराव तुझ्याशी लग्न करू इच्छितो. ती होकार देते. मंडपात उमरावाच्या नावाने उभा राहतो एक गुलाम. तिला नंतर कळतं. लग्न मोडता येईल का? ग्रात्सियान म्हणतो, येईल. माणूसच दुसरा निघाला तर संमती कसली?

३३व्यात नवऱ्यावर करणी झालीय, म्हणून त्याला बायकोशी संबंध ठेवता येत नाही. बायको दुसऱ्याकडे जाते. मग पहिल्याची करणी उतरते. चर्चने हा प्रश्न पुढेही गंभीरपणे घेतला. डेक्रेटल्समध्ये ‘थंड आणि करणी झालेल्यां’बद्दल स्वतंत्र प्रकरण आहे आणि फारकतीआधी तीन वर्षं एकत्र राहून बघण्याची अट त्यात येते. रंगवलेल्या प्रतींत या खटल्याच्या सुरुवातीला न्यायाधीशापुढे नवरा-बायको उभे असतात. तिचं बोट त्याच्याकडे, त्याचे डोळे जमिनीकडे.

३४व्यात लढाईत पकडलेला नवरा मेला असं समजून बायको दुसरं लग्न करते आणि पहिला जिवंत परत येतो. २६व्यात भविष्य सांगणारा, मंत्रतंत्र करणारा पाद्री. याच ठिकाणी रात्री जनावरांवर बसून डायना देवीबरोबर उडत जातो असं मानणाऱ्या बायकांचाही उल्लेख येतो. कायदा सांगतो की हे सगळं स्वप्नात घडतं, खरं मानणारे फसलेले आहेत. पुढच्या शतकांत चेटकिणी म्हणून जाळल्या गेलेल्या बायकांच्या वेळी हे शहाणपण कोणाला आठवलं नाही.

नात्यांचं ते विचित्र झाड काय आहे?

या पुस्तकांतलं मला सर्वांत आवडणारं चित्र. अख्खं पान भरून एक दाढीवाला म्हातारा उभा, कधी मुकुट घातलेला राजा. त्याच्या अंगावर गोलांची किंवा चौकोनांची जाळी पसरलेली, वरून डोकं आणि खालून पाय तेवढे बाहेर. जाळीच्या प्रत्येक घरात एकेक नातं: आजोबा, पणजोबा, काका, मामा, आत्या, मावशी, त्यांची मुलं, नातवंडं. मध्यभागी तुम्ही. बोट ठेवायचं आणि पायऱ्या मोजायच्या.

मोजणी अशी: समान पूर्वजापर्यंत पिढ्या मोजायच्या. सख्खी भावंडं पहिली पायरी, चुलत-आते-मामे-मावस दुसरी, त्यांची मुलं तिसरी. १२१५पर्यंत सातव्या पायरीपर्यंत लग्नाला बंदी होती. लहान गावात एवढं पाळायचं तर नवरी शोधायला दुसरा देशच गाठायला हवा, आणि श्रीमंतांना बायको नकोशी झाली की सहाव्या पायरीवरचं विसरलेलं नातं बरोबर आठवायचं. १२१५च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने ही मर्यादा चारवर आणली. कारण काय दिलं? शरीरात चार रस असतात, ते चार महाभूतांपासून बनतात, म्हणून लग्नाच्या कामी चार हा आकडा योग्य. कायद्याचा मसुदा वैद्यकाच्या आधारावर!

जोडीला दुसरं झाड असतं, लग्नाने जडलेल्या नात्यांचं. त्याच्या दोन बाजूंना एक पुरुष आणि एक स्त्री उभी असते, आणि बोलोन्याचे चित्रकार त्यांना अगदी ताज्या फॅशनचे कपडे चढवतात. बोलोन्याचे योहान्नेस आंद्रेए (सुमारे १२७० ते १३४८) यांचं या झाडांवरचं टिपण फार वापरलं गेलं. त्यांना नोव्हेला नावाची मुलगी होती. बाप कामात असला की ती वर्गात व्याख्यान द्यायची आणि तिच्या रूपाने पोरांचं लक्ष उडू नये म्हणून समोर पडदा सोडायची, असं क्रिस्तीन द पिझां या मध्ययुगीन लेखिकेने लिहून ठेवलंय. दंतकथा असेल, पण दंतकथा म्हणूनही झकास आहे.

कंटाळलेल्या साधूंनी ही चित्रं काढली असं वाचलं होतं. बरोबर?

चूक, आणि हटता हटत नाही अशी चूक. १३व्या-१४व्या शतकात हे काम शहरातल्या पेशेवर कारागिरांचं होतं. बहुतेक जण संसारी, एकाच गल्लीत दुकानं थाटून बसलेले. ऑक्सफर्डमध्ये कॅट स्ट्रीटवर विल्यम द ब्रेल्स होता, त्याने आपलं छोटं चित्र काढून शेजारी नावही घातलंय. पॅरिसमध्ये रिशार आणि जान द मोंबास्तों हे नवरा-बायको मिळून धंदा करायचे. बोलोन्यात याकोपिनो दा रेज्जो, नंतर निकोलो दा बोलोन्या. लेखनिक वेगळा, सोनं लावणारा वेगळा, चेहरे रंगवणारा वेगळा. ‘इथे पोप, इथे दोन पाद्री’ अशा सूचना कडेला बारीक अक्षरात लिहिलेल्या असत. त्या पुसायच्या राहून गेलेल्या काही पानांवर आजही वाचता येतात.

म्हणजे ससा काढायचे पैसे मिळत होते. गिऱ्हाइकाने मागितला म्हणून तो काढला गेला.

कंटाळा बघायचा असेल तर तो वाचकांच्या रेघोट्यांत. महत्त्वाच्या कलमाकडे बोट दाखवणारा पंजा, नाक लांबलेले चेहरे, एखादा मासा. हे विद्यार्थ्यांचं काम, शाईत, बिनरंगी.

खर्च किती यायचा?

एका आकड्यात सांगता येणार नाही, पण सामान बघा. पानं कातड्याची. स्मिथफील्डच्या आकाराचं पुस्तक म्हणजे दोन पानांना एक कातडं धरलं तरी दीडशेच्या वर जनावरं. निळा रंग अझुराइटचा, आणि भारी कामात लाजवर्दी दगडाचा. तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून यायचा. लालसाठी हिंगूळ आणि शेंदूर. सोनं वर्खाचं. खाली पांढऱ्या लेपाचा उंचवटा करून त्यावर वर्ख चिकटवायचा आणि गुळगुळीत दगडाने किंवा कुत्र्याच्या सुळ्याने घोटायचा, की तो धातूसारखा चमकतो. पान हलवलं की उजेड त्यावर सरकतो. फोटोत हे कधीच उतरत नाही.

साध्या विद्यार्थ्याकडे अर्थातच असलं पुस्तक नसायचं. तो दुकानातून पुस्तकाच्या पानांच्या सुट्या जुड्या भाड्याने आणून स्वतः नक्कल करायचा किंवा करवून घ्यायचा.

चर्चला हे चालत होतं?

काहींना अजिबात नाही. क्लेर्व्होचा मठाधिपती बर्नार्ड ११२५च्या सुमारास मठांतल्या कोरीव राक्षसांवर आणि माकडांवर भडकला होता. मूर्खपणाची लाज वाटत नसेल तर निदान खर्चाची तरी वाटू द्या, असा त्याचा सूर. गंमत म्हणजे त्या राक्षसांचं वर्णन त्याने इतकं रंगवून केलंय की त्याने ते तासन्‌तास पाहिले असणार.

बाकीच्यांना चालत होतं. आता आपल्याला पवित्र आणि थट्टा यांच्यात भिंत लागते. त्यांच्याकडे दोन्ही एकाच पानावर नांदत होती.

अश्लील चित्रं पण असतात म्हणे?

उघडी बुडं, हो, भरपूर. पण झाडावरून पुरुषाची लिंगं तोडून टोपलीत भरणारी जी जोगीण सगळीकडे फिरते, ती कायद्याच्या पुस्तकातली नाही. ती एका फ्रेंच प्रेमकाव्याच्या हस्तलिखितातली, पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात असलेली, आणि तिचं श्रेय वर आलेल्या त्या मोंबास्तों दांपत्याच्या दुकानाला दिलं जातं.

या पुस्तकांचं पुढे काय झालं?

१५२० साली १० डिसेंबरला मार्टिन ल्यूथरने व्हिटेनबर्गच्या वेशीबाहेर पोपच्या फतव्याबरोबर चर्च-कायद्याची पुस्तकंही होळीत टाकली. इंग्लंडमध्ये १५३५ साली विद्यापीठांतून हा विषयच बंद केला. सेंट बार्थोलोम्यूचा मठ १५३९ मध्ये गुंडाळला गेला. नकोशा झालेल्या अनेक प्रतींची पानं फाडून नव्या पुस्तकांच्या बांधणीत अस्तर म्हणून घातली गेली. स्मिथफील्डचं नशीब चांगलं, ते राजाच्या संग्रहात पोचलं आणि १७५७ साली दुसऱ्या जॉर्जने तो संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला.

हा कायदा आज कुठे लागू आहे का?

मध्ययुगीन संहिता कॅथलिक चर्चमध्ये १९१७ची नवी संहिता येईपर्यंत आधारभूत होती. आता १९८३ची लागू आहे, गोव्यात आणि वसईतही. त्या झाडाचा शेंडा मात्र टिकलाय. मोजणी बदलली, पण सख्ख्या चुलत, मामे, आते, मावस भावंडांना चर्चमध्ये लग्न करायचं तर आजही खास परवानगी लागते. मामाच्या मुलीशी लग्नाची रीत असलेल्या मुलखात हा नियम लगेच जाणवतो.

असं काही भारतात बघायला मिळेल का?

मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे दान्तेच्या महाकाव्याचं जुनं इटालियन हस्तलिखित आहे, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने दिलेलं. कायद्याचं नाही, ससे तर मुळीच नाहीत, पण कातड्यावरची शाई आणि वर्ख म्हणजे काय हे त्यावरून कळतं. ते नेहमी मांडून ठेवलेलं नसतं, आधी चौकशी करून जा.

ऑनलाइन कुठे बघू, आणि खरं-खोटं कसं ओळखू?

ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर २०२३ मध्ये सायबर हल्ला झाला आणि तिथली हस्तलिखितांची साइट बंद पडली. नंतर ती टप्प्याटप्प्याने परत येऊ लागली, तेव्हा एकदा सापडलं नाही तर पुन्हा बघा. व्हॅटिकन ग्रंथालयाच्या साइटवर बोलोन्याची रंगवलेली कायद्याची पुस्तकं आहेत. लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात ११७०-८०च्या सुमाराचं डेक्रेतुम आहे.

चित्र खरं असेल तर त्याला पत्ता असतो: शहर, ग्रंथालय, क्रमांक, पान. पानाच्या आकड्यापुढे ‘आर’ म्हणजे पुढची बाजू, ‘व्ही’ म्हणजे मागची. ‘मध्ययुगीन साधूने काढलेलं’ एवढंच लिहिलं असेल तर सोडून द्या. रंग फार ताजे, सशांच्या पंजांना बोटं सहा आणि लॅटिन अक्षरं वाचता येत नाहीत, तर ते गेल्या आठवड्यात संगणकाने काढलंय. आणि पत्ता मिळाला की नुसतं ते एक चित्र बघू नका, आधीची आणि नंतरची चार-चार पानं उलटा. शिकाऱ्याला बाण लागलेला दिसतो, पण त्याच्या कुत्र्याचं काय झालं ते पुढे आहे.